आधी वही, मग एंटर

"खयसून, खंय?"

कुठून आणि कुठे. हा प्रश्न ते गिऱ्हाइकाला नाही, स्वतःच्या बोटाला विचारत. बोट एंटरच्या बटणावर अधांतरी, दुसऱ्या हाताखाली शंभर पानी वही. संगणकाला द्यायची आज्ञा आधी त्या वहीत शाईने लिहायची, खाली कुठून-कुठे ते लिहायचं, मग सगळं मोठ्याने वाचायचं. समोरच्याने देवळातल्या गाऱ्हाण्याला म्हणतात तसं "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हटलं तरच एंटर! काम झालं की त्या ओळीपुढे लाल पेनाने बरोबरची खूण.

तुमच्याही गावात असा एखादा संगणक दुरुस्त करणारा असेल. आमच्या गावचे मालवणात, मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत, स्वतःच्या घराच्या पडवीत बसायचे. पूर्वी होड्यांवरचे वायरलेस दुरुस्त करत, नंतर संगणकांकडे वळले. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स त्यांनीच घातलं होतं. ते काय असतं हे मला तेव्हा कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आजही कळलेलं नाही.

मी मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई. निवृत्तीनंतर मी किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांकडून मालवणी शब्द गोळा करत होते. वाऱ्यांची नावं, जाळ्यांची नावं, माशांच्या पिल्लांची नावं. सांगणारी निम्मी माणसं आता नाहीत. शब्द फक्त लॅपटॉपात, आणि दुसरी प्रत? काढली नव्हती. हसा खुशाल!

चतुर्थीच्या आधी आमच्याकडे घराचा कोपरान् कोपरा साफ होतो. माळा झाला, भांडी झाली. हातासरशी मी लॅपटॉपही साफ केला. 'जुनं' नावाचा फोल्डर उडवला, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली, वर गणपतीचे दोनशे फोटो भरले. विसर्जनानंतर शब्द शोधायला बसले आणि पायाखालची जमीनच सरकली. शब्द 'जुनं'मध्येच होते!

त्यांना फोन केला. पलीकडून ओरडले, "बाई, हात वर! बंद करा आदी ता. काय्येक लिवू नकात!"

आयुष्यभर मी मुलांवर ओरडले. माझ्यावर कोणी असं ओरडलं नव्हतं. मी मुकाट्याने लॅपटॉप घेऊन गेले.

"कम्प्युटर पण वही ठेवता," ते म्हणाले. "जर्नल म्हणतत तेका. काम करूच्या आदी लिवन ठेवता. मधीच लाईट गेली तर परत येवन वाचता, आणि रवलेला पुरा करता."

"मग माझे शब्द त्या वहीत आहेत?"

"शब्द नाय. शब्दांचो पत्तो. पण वहीची पाना मोजकी. भरली काय पयल्या पानार परत लिवता. तुमी गणपती भरलात."

माझ्या डोक्यात सगळा गुंता झाला. पत्ता आहे पण घर नाही, की घर आहे पण पत्ता नाही? दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी वेगळं उत्तर दिलं. ते एकेक आज्ञा वाचत गेले आणि मी ढ पोरासारखी "होय म्हाराजा" म्हणत गेले. तिसऱ्यांदा चिडून म्हणाले, "कळला नाय तरी आयका. ऐकणारो आसलो काय माझा बोट चुकणा नाय."

त्यांचं बोट एकदा चुकलं होतं. एका खलाशाच्या घरातले सगळे फोटो वाचवताना कुठून आणि कुठे यांची अदलाबदल झाली आणि कोरी डिस्क भरलेलीवर उतरली. खलाशी समुद्रातून परत आलेला नव्हता. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. वही त्या दिवसापासूनची.

तीन दिवसांनी शब्द मिळाले. सगळे नाहीत, वाऱ्यांची नावं गेली ती गेलीच, मी तिथेच रडले. उरलेल्या फायली त्यांनी एका डिस्कवर उतरवल्या, पण त्यांची नावं जाऊन त्या जागी नुसते लांबलचक आकडे आले होते.

"नावा गेली, माणसा आसत," ते म्हणाले. "तुमी वळखा. आता दुसरी प्रत काढूया. सोमवारी येवा, तुमच्याशिवाय एंटर नाय."

रविवारी ते गेले. भाताच्या ताटावरून उठले आणि खाली बसले, इतकंच.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेले. त्यांच्या पत्नीने मला पडवीत नेलं. दोन डिस्क वायरींनी जोडलेल्या, पडदा चालू.

"मी हात लावक नाय," त्या म्हणाल्या. "इन्वर्टर पण बंद करूक नाय. ते म्हणालेले, बाई येतली, मगेच."

पडद्यावर आज्ञा टाइप केलेली होती. वही उघडी. शेवटच्या ओळीपुढे खूण नव्हती.

माझे शब्द जगात त्या एकाच डिस्कवर होते, आणि उलटं झालं तर काय होतं हे त्यांनीच मला सांगितलं होतं. वहीतलं एकेक अक्षर पडद्यावरच्या अक्षराशी ताडून पाहिलं. दोनदा. अर्थ एकाचाही लागला नाही. मग मोठ्याने वाचलं. कुठून: भरलेली. कुठे: कोरी. बोट एंटरवर धरलं आणि थांबले.

त्यांच्या पत्नी मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "होय म्हाराजा."

मी एंटर दाबलं.

बराच वेळ आम्ही दोघी तिथेच बसलो. प्रत पूर्ण झाली. त्यांचं लाल पेन कुठे दिसेना. शेवटी माझ्या पर्समधलं, पोरांच्या वह्या तपासायचं जुनं पेन काढलं आणि त्या ओळीपुढे खूण केली.