बेंबीभोवती हिंग

मुलीच्या बाळंतपणासाठी बायको बंगळूरला निघाली तेव्हा मीही माझी बॅग भरायला घेतली होती. दोन शर्टांच्या घड्या घालून झाल्या होत्या, तेवढ्यात ती म्हणाली, "तुमचं तिथे काय काम? बाळंतिणीच्या घरात पुरुषमाणूस म्हणजे नुसती अडचण. आणि बाळ काही तुमच्या हातात देता यायचं नाही."

मी शर्ट परत कपाटात ठेवले. वाद घालायला तोंड नव्हतं. आमची मुलगी तान्ही होती तेव्हा मी वजनमापांचा निरीक्षक होतो आणि महिन्यातले निम्मे दिवस दौऱ्यावर. लोकांचे तराजू तपासत गावोगाव हिंडायचो. मुलीला मी पहिल्यांदा नीट उचलून घेतलं तेव्हा ती चालायला लागलेली होती, त्यामुळे उचललेलं तिला मुळीच आवडलं नाही.

दिवाळीला परत येते, असं सांगून बायको गेली. आचोळ्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात मी एकटा राहिलो. घर तेच, पंख्याची कुरकुर तीच, पण दिवसभरात माझ्या तोंडून निघालेले शब्द मोजले असते तर 'अर्धा लिटर द्या' आणि 'सुट्टे नाहीत' याच्या पलीकडे फारसे भरले नसते. संध्याकाळी सहाला तिचा फोन यायचा. त्यात बाळानं किती वेळा दूध घेतलं, किती वेळा शी केली, पोट कसं गच्च झालं होतं, याची खडान्खडा माहिती असायची. मग "जेवता ना वेळेवर?" असं विचारून ती फोन ठेवायची. उत्तर ऐकायला थांबायची, पण पाय तिकडे निघालेले असायचे, हे मला आवाजावरून कळायचं.

पिल्लं सापडली ती आमच्याच चपलांच्या कपाटात. कपाट दाराबाहेर, आणि खालचा कप्पा बायकोचा. ती गेल्यापासून तो कुणी उघडला नव्हता. त्याची मागची फळी सुटलेली आहे, हे मला माहीत होतं. दुरुस्त करायची राहिली होती. त्या वाटेनं जिन्यातली करडी मांजर आत शिरली होती आणि बायकोच्या लग्नसमारंभाच्या सँडलवर तिनं तीन पिल्लं घातली होती. मला हे कळलं तेव्हा मांजर नव्हती. जिना झाडणाऱ्या मावशींनी सांगितलं, "ती तर सकाळीच रिक्षाखाली गेली, नाक्यावर. मीच उचलून टाकली." आणि झाडू घेऊन त्या खालच्या मजल्यावर गेल्या.

पिल्लांचे डोळे मिटलेले, नाळेचा सुकलेला तुकडा अजून पोटाला चिकटलेला. मी ती आत आणली याचं कारण दया वगैरे आहे असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. दिवाळीला बायको दार उघडेल तेव्हा माझ्या हातात एक जिवंत, धडधाकट पिल्लू असावं आणि तिनं ते पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. बासष्टाव्या वर्षी माणसाला असली काहीतरी जिद्द सुचते. बायकोला मात्र फोनवर यातलं काही सांगितलं नाही. आधी जगू देत, मग सांगू, असं ठरवलं.

पहिला घोळ पहिल्याच दिवशी घातला. म्हशीचं दूध कोमट केलं, कापसाच्या बोळ्यानं पाजलं. तिघंही चोखून चोखून प्यायली. मी खूश. संध्याकाळपर्यंत तिघांना पातळ, पिवळी हगवण लागली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात लहान पिल्लू माझ्या तळहातावर थंड पडलं. ते इतकं हलकं होतं की गेलं ते कळायलाही थोडा वेळ लागला.

उरलेली दोन घेऊन मी वसईला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणजे आमच्या मुलीहूनही लहान मुलगी. ती मला रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "काका, म्हशीचं दूध यांना पचत नाही," ती म्हणाली, आणि पिल्लांसाठीची दूधपावडर दिली. बाळासारखं उताणं धरून पाजायचं नाही, पालथं ठेवून पाजायचं. अंगाखाली गरम पाण्याची पिशवी. आणि दर वेळी पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हलके हलके पुसायचं. "एवढ्या लहान पिल्लांना आपलं आपण शी-शू करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. ते काम आता तुमचं."

तर ते काम माझं झालं. दर दोन-तीन तासांनी सिरिंजमधून दूध, मग कापूस. 'झाली का, झाली का,' असं पुटपुटत मी खिडकीशी बसायचो. झाली की अख्ख्या बिल्डिंगला ओरडून सांगावंसं वाटायचं आणि सांगायला कुणी नसायचं. एकदा खरंच शेजारच्या दारापर्यंत गेलो. बेलवर बोट ठेवलं आणि परत आलो. सकाळच्या गडबडीत डबे भरणाऱ्या तिथल्या सुनेला मांजराच्या शीची बातमी काय सांगणार?

आता माझी खरी चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. डॉक्टरनं रोज वजन करायला सांगितलं होतं. वजन म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. हे मला येतं! स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, तो आधी अर्ध्या किलोच्या खात्रीच्या वजनानं पडताळून पाहिला, आणि पिल्लांना वाटीत बसवून रोज सकाळी वजनं घेऊ लागलो. रोज दहा-बारा ग्रॅम वाढत होती. मग एक दिवस करड्या पिल्लाचं वजन एकदम बावीस ग्रॅमनं वाढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मी इतका हरखलो की त्या आनंदात त्याला थोडं जास्त दूध पाजलं. पोट गरगरीत दिसत होतं. मला ते बाळसं वाटलं.

ते बाळसं नव्हतं. दोन दिवस त्याला शी झालेली नव्हती. झाली नाही हे मला माहीत होतं, मी रोज पुसत होतो, पण काटा चांगलं सांगत होता आणि मी जन्मभर काट्यावर विश्वास ठेवत आलेला माणूस. जे अडकून बसलं होतं त्याचंच वजन मी आनंदानं लिहून ठेवत होतो. दुसऱ्याचं, काळ्या-पांढऱ्याचं, पोटही त्याच वाटेनं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोघांची पोटं ढोलकीसारखी ताठ झाली आणि ती सारखी, बारीक आवाजात ओरडू लागली, तेव्हा मी घाबरलो. डॉक्टरचा फोन लागेना.

सहाला बायकोचा फोन आला. ती आनंदात होती. "काल दिवसभर बाळाचं पोट धरलं होतं हो, नुसता आकांत! शेवटी मी हिंग कालवला आणि बेंबीभोवती लावला. पाच मिनिटांत मोकळा झाला."

"कोमट पाण्यात?" मी विचारलं.

"हो. तुम्ही कधीपासून असलं विचारायला लागलात?"

"असंच," मी म्हणालो. फोन ठेवून मसाल्याच्या डब्यातला हिंग काढला आणि दोन्ही पिल्लांच्या पोटांवर बोटानं गोल गोल लावला. पुरुषमाणसाचा हात, तेव्हा जरा सढळच लागला. घरभर फोडणी दिल्यासारखा वास सुटला.

सकाळी करडं गेलेलं होतं. मरताना त्याचं वजन आजवरचं सगळ्यात जास्त होतं. मी काटा पाहिला, हे सांगायची लाज वाटते, पण पाहिला. मग ओट्याला टेकून रडलो. मुलीच्या पाठवणीला रडलो नव्हतो. तेव्हा पाहुण्यांच्या जेवणाचं बघत होतो.

डॉक्टर फोनवर म्हणाली, "काका, राहिलेलं एकटं आहे. त्याला ऊबही नाही आणि चाटणारंही कुणी नाही. दूध पाजणारी मांजर कुठे मिळत असेल तर बघा. आज."

मी बुटांच्या खोक्यात गरम पिशवी घातली, वर पिल्लू ठेवलं आणि तुळिंजच्या बाजारात आमच्या नेहमीच्या कोळणीकडे गेलो. बायको गेली वीस वर्षं तिच्याकडूनच मासळी घेते. मी बरोबर असलो की बाजूला उभा राहायचो. कोळीण मासळी वाट्यानं विकते, तिच्याकडे काटाच नाही, त्यामुळे माझं तिच्यापुढे कधी काही चाललं नाही. तिच्या टोपल्याशी मांजरं असतात, म्हणून विचारलं. तिनं खोकं उघडून पिल्लू तळहातावर घेतलं, एकदा वर-खाली केलं आणि म्हणाली, "पोटात घान साचलीय याच्या. अंगावर काय नाय." मला जे तीन दिवस काट्यावर कळलं नव्हतं ते तिनं असं सांगितलं.

"माजी मांजर याली हाय, आठ दिस झाले. टोपली रिकामी झाली की चल माज्यासंगं."

दुपारी आम्ही वसईच्या बसनं तिच्या घरी गेलो. खोकं माझ्या मांडीवर, तिची रिकामी टोपली पायाशी. बसमध्ये एका बाईनं नाकाला पदर लावला. मासळीमुळे असेल, पण मला माझाच संशय आला.

तिच्या पडवीत जुन्या जाळ्याच्या ढिगावर, एका गोणपाटाच्या तुकड्यावर, पिवळी मांजर चार पिल्लं घेऊन पडली होती. मी माझं पिल्लू तिच्या पोटाशी ठेवलं. ते लगेच वळवळत दुधाकडे निघालं. मांजरीनं नाक पुढे केलं, हुंगलं, आणि फिस्सकन मागे सरून पंजानं त्याला लोटून दिलं. ते उलटं पडलं. मी पुन्हा ठेवलं. तिनं पुन्हा लोटलं, या वेळी नखं बाहेर काढून.

कोळीण वाकली, पिल्लू उचलून तिनं नाकाशी धरलं. "आरे भाऊ! याला हिंग कोनी चोपडला?"

"मी. पोट फुगलं होतं म्हणून."

ती हसली नाही. ते बरं केलं. "मानसाच्या पोराला लावतात तो. मांजरीला वास लागतो पोराचा. तिला वाटतं, हे मानसाचं हाय, मी कशाला घेऊ?"

मग तिनं सुनेला हाक मारून कोमट पाणी मागवलं. पिल्लाचं पोट तीन-तीनदा धुतलं, खोबरेल लावून पुसलं, पदरानं कोरडं केलं. नंतर मांजरीच्या अंगाखालचा गोणपाटाचा तुकडा ओढून त्यात ते घोळवलं, तिच्या पिल्लांच्या अंगावरून फिरवलं. मी हात पुढे केला तर म्हणाली, "तू नको. तुज्या बोटाला हाय अजून."

मी हात मागे घेतला. पडवीच्या कडेला जाऊन दोन्ही हात मागे बांधून उभा राहिलो.

तिसऱ्या वेळी मांजरीनं बराच वेळ हुंगलं. मग तिनं त्या पिल्लाच्या मानेवर जीभ फिरवली. एकदा, दोनदा. पंजानं दाबून धरून उलटं केलं आणि शेपटीखाली चाटायला लागली, अगदी नेटानं, जराही माया-बिया न दाखवता. पिल्लू किंचाळलं. आणि मी चार दिवस कापूस घेऊन ज्याची वाट पाहिली होती ते चार मिनिटांत झालं. मांजरीनं ते साफही केलं. मग पिल्लू रांगत रांगत चार पिल्लांच्या मध्ये घुसलं आणि कुठलं माझं, ते मला क्षणभर ओळखूच येईना.

"जगंल आता," कोळीण म्हणाली. "आता हात लावू नको त्याला. जा तू."

मला एकदा ते हातात घ्यायचं होतं. एकदाच. मी विचारलं नाही. रिकामं खोकं घेऊन बसस्टॉपवर आलो, आणि बस आली तरी थोडा वेळ तिथेच उभा होतो. मला फार बरं वाटत होतं आणि फार वाईटही, आणि दोन्ही सांगायला तिथे एक भाजीवाला आणि दोन शाळकरी मुली होत्या.

सहाला फोन आला. त्या दिवशी मी बायकोला सगळं सांगितलं, चपलांच्या कपाटापासून. सँडलचं ऐकून ती "अगं बाई!" म्हणाली, हिंगाचं ऐकून पोट धरून हसली. मग थांबली.

"आणि उरलेलं कुठंय?"

"दिलं. कोळणीच्या मांजरीनं घेतलं."

"का दिलंत हो? तुम्हाला सोबत झाली असती."

"तिथे त्याला बरं आहे," मी म्हणालो.

ती जराशी अडखळली. "ऐका ना. लेकीची रजा दिवाळीनंतर संपतेय. बाळाला पाळणाघरात ठेवायचं तिच्या जिवावर आलंय. आणि ते दुसऱ्या कुणाकडे राहतही नाही, माझ्याच अंगावर झोपतं. मी वर्षभर राहू का? तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

ती खरंच विचारत होती. मी 'ये' म्हणालो असतो तर ती आली असती, हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.

"राहा," मी म्हणालो. "त्याला तुझ्या अंगाची सवय झालीये." आणि मग, लग्नाला एवढी वर्षं झाली त्यात पहिल्यांदाच, "मला इथे करमत नाही गं," असंही म्हणालो.

तेवढ्यात पलीकडे बाळ रडायला लागलं.

"अहो," ती हळू आवाजात म्हणाली, "पोट दुखतंय वाटतं त्याचं. हिंग लावते. ठेवू?"

"ठेव."

मी हात पुन्हा साबणानं धुतले. वास दोन दिवस बोटांना होता.