पित्ताचे खडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, सख्ख्या भावालाही नाही. दोनदा वही घेऊन बसलो होतो. दोन्ही वेळा वर तारीख घातली आणि उठलो. आज लिहितोय. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल.

माझी बायको शालन जाऊन दीड वर्ष झालं. कशानं गेली असं कुणी विचारलं की मी सांगतो — जीवनसत्त्वाची कमतरता झाली, मेंदूवर परिणाम झाला. हे खरं आहे. मी आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवलं. खरं वाक्य नेमकं कुठं थांबवलं की ते खोट्याचं काम करतं, हे मला चांगलं कळतं.

शालन कागलकडची, शेतकऱ्याच्या घरातली. आवाज असा, की ती स्वयंपाकघरात बोलली तरी कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आमच्या घरी आज काय शिजलंय ते कळायचं. तिचं वजन एकशे बारा किलो झालं होतं. गुडघे गेले होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकायचा. पुण्याच्या डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकायची शस्त्रक्रिया सुचवली. मी घाबरलो, ती नाही. मी फक्त एक अट घातली. कुणाला सांगायचं नाही.

का घातली? माझ्या डोक्यात एक वाक्य तयार होतं — सरांच्या बायकोला खाणं आवरेना, म्हणून पोट कापून घेतलं. असं कुणी म्हटलं नव्हतं. मीच ते रचलं आणि मीच त्याला भ्यालो.

"सांगून टाकूया की," शालन म्हणाली. "चोरी केलीया व्हय आपण?"

मी भांडलो नाही. मी कधीच भांडत नाही. त्याहून वाईट करतो. दोन दिवस जेवताना ताटाशेजारी पुस्तक उघडून बसलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, बरं, तुमच्या मनासारखं.

मग ठरलं — पित्ताचे खडे. पोटावर पाच बारीक व्रण राहणार होते, पित्ताशय काढल्यावरही तसेच राहतात. मी वाचून खात्री करून घेतली होती. आमची मुलगी कीर्ती बंगळूरला असते. तिला खरं माहीत होतं. तिला मी सांगितलं, आईला बोभाटा नकोय. एकदा फोनवर तिनं आईलाच विचारलं, लपवतेस कशाला? शालननं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, असू दे गं, माझंच म्हणणं हाय ते.

बघा, इथंच मी बोलू शकलो असतो. स्पीकरवर लावलेला फोन माझ्याच हातात होता.

शस्त्रक्रिया झाली आणि वजन उतरू लागलं. रोज सकाळी आम्ही आमच्या बावड्यातून साखर कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यानं फिरायला जायचो. लोकांनी दोन आणि दोन चार केले. सरांनी वहिनींना वळण लावलं, असं म्हणू लागले. बायका तिला वाटेत थांबवून विचारायच्या आणि ती माझ्याकडं बोट दाखवायची, यांना विचारा. मी सांगायचो — घास सावकाश खायचा, भूक असेल तेवढंच, पहाटे उठायचं. पुढं महिला मंडळानं मला बोलायला बोलावलं. विषय होता आहार आणि संयम. मी चाळीस मिनिटं बोललो. शालन पहिल्या रांगेत बसली होती. शेवटी टाळ्या झाल्या, तेव्हा तिनंही वाजवल्या.

ते मला आवडलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. भीतीनं लपवलं, इतकंच असतं तर एक वेळ — पण नाही. मला ते आवडलं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळ्या जन्मभर घ्यायच्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, ओकारी सुरू झाली तर थांबायचं नाही, लगेच कळवायचं. गोळ्यांचा डबा मी शब्दकोशांच्या मागं ठेवला होता. बाहेरच्या खोलीत पाहुणे असले की तो काढता यायचा नाही. मग एक दिवस राहायचं, दोन दिवस राहायचं. पुण्याला निघालो की शेजारी विचारायचे, परत खडे झाले का? म्हणून एक फेरी टाळली, मग दुसरी. दहाव्या महिन्यात वजन सत्तेचाळीस झालं. पुण्याच्या दवाखान्यात फोन करून मी ते अभिमानानं कळवलं. पलीकडची नर्स म्हणाली, एवढं उतरायला नको होतं, या आठवड्यात घेऊन या. मी म्हणालो, पुढच्या आठवड्यात.

घरात काय चाललं होतं, ते मला दिसत नव्हतं का? शालन खुर्चीत गोधडीची घडी घेऊन बसायची, कारण हाडं टोचायची. केस मुठीनं गळायचे. एप्रिलच्या उन्हात ती स्वेटर घालून भाजी निवडायची. सैल पडलेली कातडी दिसू नये म्हणून तिनं पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले होते. आवाजही उतरला. दुकानदारानं एकदा मला विचारलं, वहिनी गावाला गेल्यात का?

मग तिच्या माहेरची म्हाई आली. गावच्या या जत्रेला घरोघरी मटणाचं जेवण असतं आणि तिथं पाहुण्यानं नको म्हणणं म्हणजे घरच्यांचा अपमान. भावजयीनं ताट भरलं. शालनच्या पोटात तेव्हा चार-पाच चमच्यांहून जास्त जात नसे. "एवढंसं खाऊन कसं व्हायचं वन्सं? सरांनी रेशन लावलंय काय?" भावजय म्हणाली. सगळी पंगत हसली. मीही हसलो. शालननं माझ्याकडं एकदा बघितलं आणि भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला. अर्ध्या तासानं ती गोठ्यात भिंतीला धरून ओकत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि दुसऱ्या हातानं, कुणी येत नाही ना, म्हणून दार ओढून घेतलं.

त्या दिवसापासून ओकारी थांबली नाही. पाणीसुद्धा राहीना. आज थांबेल, उद्या थांबेल करत मी तीन आठवडे घालवले. मग ती म्हणाली, दोन-दोन दिसतंय. मी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. नंबर बदलून आणला. नवा चष्मा घालून ती अंगणात आली आणि पायरीवरून पडली.

जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझा जुना विद्यार्थी. खोलीत शालनचा भाऊ आणि भावजय उभे होते. निरोप मिळताच कागलहून आले होते. डॉक्टरनं नाडी पाहिली, पोट दाबलं, व्रण पाहिले आणि विचारलं, "सर, आधी काही ऑपरेशन झालंय?"

मी म्हणालो, "पित्ताचे खडे. वर्ष झालं."

भाऊ-भावजयीला दोन मिनिटं बाहेर थांबा म्हणता आलं असतं. डॉक्टरच्या कानात सांगता आलं असतं. चिठ्ठीवर लिहून देता आलं असतं — मला तर लिहिता येतं.

त्यानं पित्त समजून उपचार सुरू केले. अंगात ताकद नव्हती म्हणून ग्लुकोजचं सलाईन लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शालन विचारू लागली, हे कुणाचं घर हाय. डोळे एका जागी ठरत नव्हते. तिला मोठ्या इस्पितळात हलवलं. तिथं स्कॅनमध्ये जठर दिसलं. म्हणजे, त्याचं जे उरलं होतं ते दिसलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं — सतत ओकाऱ्या झाल्या की एक जीवनसत्त्व संपतं, त्यानंच चक्कर, त्यानंच दोन-दोन दिसणं. ते आधी द्यायचं असतं. न देता नुसती साखर दिली तर आणखी बिघडतं. इंजेक्शनं लगेच सुरू केली आहेत, पण उशीर झालाय. मग त्यांनी विचारलं, तुम्ही आधीच्या डॉक्टरांना का नाही सांगितलं?

मी म्हणालो, तिनं शपथ घातली होती.

हे वाक्य मी विचार न करता बोललो. पण नंतर विचार करून अनेकदा बोललो. माझ्या विद्यार्थ्याला बोललो. तो म्हणाला, सर, तुमचा काय दोष. तिच्या भावाला बोललो. कीर्तीला बोललो. शालन आणखी एकोणीस दिवस होती. तिनं कुणाला ओळखलं नाही.

वर्षश्राद्धाला कीर्ती आली होती. पान वाढून झाल्यावर ती पानाकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला आईचा राग येतो. लोक काय म्हणतील म्हणून स्वतः मेली आणि तुम्हाला शपथेत अडकवून गेली. राग आला की ती मला नीट आठवतसुद्धा नाही." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मला बिलगून रडली. मी तिला रडू दिलं.

अजून एक राहिलं. मघाशी मी दवाखान्यातलं सांगितलं ना, तेही खरं वाक्य होतं आणि मी ते मधेच थांबवलं.

मी पित्ताचे खडे म्हणालो तेव्हा शालन शुद्धीवर होती. डॉक्टर हुशार आहे. त्याला माझं उत्तर पुरं वाटलं नसावं. तो तिच्याकडं वळला आणि विचारलं, काकू, खड्यांचंच ना? तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला दोन-दोन दिसत होतं, म्हणजे तिला मी दोन दिसलो असेन. आपला जीव कशावर अडलाय, हे तिला कळत होतं की नाही, मला माहीत नाही. माझा कशावर अडलाय, ते मात्र तिला कळलं.

"व्हय," ती म्हणाली. "खड्यांचंच."

मी मान हलवली.