शहाबादी फरशीवरचा खरबरीत पट्टा

चाळीस वर्षं मी लोकांच्या फरश्या घासल्या. नांदेडात मोझॅक, औशात कडप्पा, मोठ्या बंगल्यांत संगमरवर. शाळा चौथीपर्यंत, पण दगडावर हात ठेवला की तो किती पाणी पितो ते सांगतो. संगमरवराला ॲसिड लावणाऱ्या गड्याला मी भर अंगणात शिव्या घातल्यात. सांगायचं कारण, माझ्या कामाला कुणी नाव ठेवलेलं मला खपत नाही. बायकोनं ठेवलेलं तर मुळीच नाही.

लातूरच्या आमच्या घरात शहाबादी. नातीला बघायला पाहुणे येणार म्हणून मी मशीन आणून ती पॉलिश केली आणि वरून मेण चढवलं. मेण जास्त झालं की पाय ठरत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी चढवलं. बायको बोललीच.

"आवो, फरशी हाय का आरसा? पाय ठरंना की."

"लोकांची घरं चमकवली, आन माझंच मळकं ठेवू?"

"पाहुणे पोरगी बघाया यायलेत, फरशी न्हाई."

पाहुणे आले, फरशीचं तोंडभरून कौतुक करून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची कळशी घेऊन बायको न्हाणीतून निघाली आणि पडली. खुबा मोडला.

दवाखान्यात नेताना मी काय बोलावं? "ओल्या पायानं कशाला चालायचं?" हे बोललो. ती कण्हायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली.

ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, चालवा, नाहीतर कायमच्या खाटेला खिळतील. पण ती पाय खाली टेकवीना. मी रॉकेल, सोडा, कढत पाणी लावून सगळं मेण काढलं. तिनं अंगठा टेकवला आणि वर ओढून घेतला. पोरानं रबरी चटई आणली, तर तीही तिला सरकल्यासारखी वाटे.

"तुमच्या फरशीचा भरवसा न्हाई मला," म्हणाली. तुमच्या फरशीचा.

मग एका दुपारी मी छिन्नी-हातोडा काढला आणि तिच्या खाटेपासून फरशी ठोकायला बसलो, जात्याला टाकी लावतात तशी. आवाजानं पोरगा धावत आला.

"बाबा, येड लागलं का? चांगली फरशी फोडायलेत!"

"फोडत न्हाई. खरबरीत करायलोय. बाजूला हो."

खाटेपासून न्हाणीपर्यंत दीड हात रुंद पट्टा करायला बारा दिवस गेले. खांदा रोज भरून यायचा. जे ओरखडे जन्मभर दगडावरून घालवत आलो, तेच स्वतःच्या हातानं पाडत होतो.

पट्टा झाला, तशी ती खाटेच्या कडेला बसली. तळवा दगडावर घासून बघितला. "लागतंय," म्हणाली. मी हात पुढं केला. तिनं भिंत धरली.

आता ती न्हाणीपर्यंत जाते, परत येते. त्यापलीकडं नाही. तिकडं दगड अजून चमकतो. स्वयंपाकघर चार फरश्यांवर आहे. सुनेनं कुठला डबा कुठं ठेवला, म्हणून ती खाटेवरनंच ओरडते. मी रोज थोडं ठोकतो, पण खांदा आता साथ देत नाही, छिन्नी घसरते. पहिलीच फरशी अजून अर्धी झालीय.

माझं चुकलं, एवढंच मला तिला सांगायचंय. ठोकायचा थांबलो की ती खाटेवरून बघते. मी पुन्हा ठोकायला लागतो.