दुसरी ओळ आत्याबाईंची

देव हाय का न्हाई, असं मी आमच्या लिंबागणेश गावच्या गणपतीला तोंडावर विचारलं होतं. निजामाच्या अमदानीतली गोष्ट. दरोडेखोरांनी शिवारात धुमाकूळ घातला होता. एका सांजेला घर पेटलं, माझे मालक मारले गेले, आणि पळापळीत आत्याबाईंचा, माझ्या सासूचा, हात सुटला. त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. बीडला मी पोचले ती एकटीच.

पेठेतल्या एका मुसलमान बाईंनी, खालाबींनी, ओसरीचा कोपरा दिला, जातं दिलं. लोकांची दळणं दळून पोट भरू लागले. लुटलेल्या गावांच्या बाया येतच होत्या. प्रत्येकीला विचारायचे, आंधळी म्हातारी पाहिली का? कुणीच पाहिली नव्हती.

गावाकडं आमचं जातं दोघींचं. समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघींचे हात. पहिली मूठ गणपतीच्या नावानं. ओवीची पहिली ओळ माझी, दुसरी त्यांनी स्वतः जुळवलेली. गळा फाटका. मी हसले की म्हणायच्या, "हस गं, देवाला चालतंय." आजही ताज्या पिठाचा वास आला की त्या पहाटा आठवतात. बीडात मात्र मी मुक्यानंच दळायचे. ज्यानं घर राखलं न्हाई, त्याचं नाव कशाला घ्यायचं?

एका सकाळी खालाबी समोर येऊन बसल्या आणि त्यांनी खुंटा धरला. "कावून गं अशी गुमान दळतीस? मुकं जातं लई जड जातंय. गा की."

त्यांचं मन मोडवेना. मूठ टाकली, म्हणाले,

"पहिली मूठ घालते मी गणपती देवाला..."

आणि सवयीनं थांबले. खालाबींना पुढचं कुठून येणार? तेवढ्यात बोळातून फाटका गळा आला,

"माझ्या सुनंचा गं हात नको दुखायाला."

मी उठून धावले. आत्याबाई भिंत चाचपत उभ्या होत्या. नेकनूरच्या एका गाडीवाल्यानं त्यांना पलीकडच्या धर्मशाळेत आणून सोडलं होतं. भाकरी मागायला त्या रोज याच बोळातून जात. माझे हात चाचपत म्हणाल्या, "घरघर रोज ऐकायची गं. पर गाणं न्हाई, म्हणून म्हणलं, दुसरीच कुणी असंल."

याला चमत्कार म्हणावं का, मला कळत नाही. मालक परत आले नाहीत, घरही नाही. पण त्या सकाळी खालाबींना माझ्यासमोर कुणी बसवलं, ते मी आता विचारत नाही. आत्याबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. अजून मूठ टाकते, पहिली ओळ म्हणते आणि थांबते. दुसरी त्या देवावर सोडते.