एका कवडीचं पोर

माझ्या आधी सारजाला तीन मुलं झाली. एकही वर्षाचं झालं नाही. म्हणून १९३१ साली मी जन्मलो तेव्हा बाराव्या दिवशी तिनं मला शेजारच्या छबूबाईला विकलं. किंमत एक कवडी. ज्या बाईची पोरं जगतात तिला मूल असं विकायचं, म्हणजे मरणाला ते कवडीमोलाचं आणि दुसऱ्याचं वाटतं. जावळ काढताना कवडी परत द्यायची आणि मूल आपलं म्हणायचं. तोवर आई म्हणवून घ्यायचं नाही.

"एका कवडीत पोरगं!" छबूबाई म्हणाली. "बारामतीच्या बाजारात कोंबडीबी येत न्हाय." सारजा हसली नाही, असं छबूबाईच पुढं सांगायची. सारजानं ती कवडी काळ्या दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. माझं नाव कवडू ठेवलं.

कवडी म्हणजे समुद्रातल्या जिवाचं घर, हे आमच्या गावात, लासुर्ण्यात, कुणाला ठाऊक नव्हतं. समुद्र कुणी पाहिला नव्हता. आमच्याकडं कवड्या बैलाच्या गळ्यात असायच्या, नाहीतर देवीच्या आराधिणीच्या माळेत. पोरं त्या टाकून डाव खेळायची. दही घट्ट लागलं की ते कवडी दही. तसं लागलं की सारजा वाटी भरून छबूबाईकडं द्यायची.

"मला कशाला? कुणासाठी हाय ते ठावं हाय मला," छबूबाई म्हणायची आणि वाटी माझ्यापुढं सरकवायची.

सारजा आणि तिचा नवरा कुंडलिक उसाच्या मळ्यावर कामाला होते. आमच्या दोन खोपटांच्या मधे भिंत म्हणून एकच कूड होता. दूध मला सारजानंच पाजलं, पण कुणी विचारलं तर ती छबूबाईकडं बोट करून "आक्काचं हाय" म्हणायची. दूध तुटल्यावर मी पलीकडं, छबूबाईच्या चार पोरांत झोपू लागलो. छबूबाईला मी आई म्हणायचो, सारजाला सारजा.

सारजानं मला जवळ घेतलेलं आठवत नाही. मोळी बांधायला मात्र तिनं शिकवलं. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पिळून त्याचा बंध करायचा. पीळ सैल राहिला तर डोक्यावर चढवताना मोळी सुटते. माझे हात हातात धरून ती पीळ देऊन दाखवायची. जमलं की लगेच हात सोडायची.

पाचव्या वर्षी माझं जावळ काढलं. छबूबाई म्हणाली, "आण ती कवडी, आन् घे तुजं पोर."

सारजानं गळ्यातला दोरा काढला, हातात धरला आणि परत गळ्यात घातला. "ऱ्हाऊ द्या आक्का. औंदा हिवताप लई हाय. फुडल्या साली."

पुढच्या साली गोवर आला. त्याच्या पुढच्या साली छबूबाई चिडली. "अगं सारजे, पोरगं सात वर्साचं झालं. खोंडावानी उधळतंय. आता कशाला भितीस?"

"तुमच्या नावावं जगलंय न्हवं? मंग जगू द्या."

१९३९ साली, पाऊस सरताना, हिवताप सारजालाच आला. आधी ती तापातही खुरपायला गेली. मग उठेना. शेवटच्या दिवशी छबूबाईनं मला कुडापलीकडं नेलं. सारजाच्या गळ्यातला दोरा छबूबाईनं स्वतःच तोडला आणि कवडी मुठीत घेतली. "पोचली माजी कवडी. फिटला सौदा," ती म्हणाली आणि मला पुढं ढकललं. "म्हन तिला आई."

मी तोंड उघडलं. सारजानं हात उचलला. तेवढ्यानंही तिला धाप लागली. तो हात तिनं माझ्या तोंडावर ठेवला. तळवा खरखरीत होता, तापानं कढत होता.

"नगं," ती म्हणाली. "तू आक्काचा."

हात गळून पडेपर्यंत तिनं तो काढला नाही. मग मला बोलायचं धाडस झालं नाही.

संध्याकाळी कुंडलिकनं अग्नी दिला. मी छबूबाईच्या चार पोरांबरोबर बाजूला उभा होतो. ती रडली नाहीत, म्हणून मीही रडलो नाही.