मिस्त्रींचा नवा पाय

बीडच्या आमच्या चर्चमध्ये एक रिक्षा मिस्त्री येतात. प्रार्थनाही ते गॅरेजमध्ये ओरडावं तशी करतात, देव जणू चालू इंजिनाच्या पलीकडं उभा आहे. गेल्या वर्षी अपघातात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मी धीर द्यायला दवाखान्यात गेलो. तेच म्हणाले, "पाय गेलाय सर, प्रभू हितंच हाय."

ईस्टरला, येशू मरणातून उठला त्या सणाच्या सकाळी, ते नकली पाय लावून चर्चच्या दारात आले. मी आधाराला हात पुढं केला.

"सोडा सर. पडलो तर उठीन की. आज उठायचाच सण हाय!"

कुणालाही न धरता, घामाघूम होत ते थेट वेदीपर्यंत चालत गेले. पहिली टाळी त्यांच्या बायकोनं वाजवली, मग सगळं चर्च उभं राहिलं.