मिशी तेवढी ठेव

चोविसाव्या वर्षी माझं निम्मं डोकं पांढरं झालं होतं आणि माझ्या वडिलांच्या डोक्यात पंचावन्नाव्या वर्षीही औषधाला पांढरा केस नव्हता. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. राहुरीच्या बाजारात एका बियाणेवाल्याने मला दादांचा थोरला भाऊ ठरवलं, आणि दादांनी ती गोष्ट पुढे सहा महिने भेटेल त्याला सांगितली. सांगताना ते इतके हसत, की त्यांना दम्याची ढास लागे. मला हसू येत नसे. मी नुकताच हायस्कुलात मास्तर म्हणून लागलो होतो आणि पोरांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ‘आजोबा’ ठेवलं होतं.

पोरांचं एक वेळ सोडा. खरं दुखणं सोयरिकीचं होतं. मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या साली माझ्यासाठी दोन मुली पाहून झाल्या आणि दोन्हीकडून एकच निरोप आला, की मुलगा चांगला आहे पण बिजवर वाटतो. एका घरच्या बाईने तर आईला बाजूला घेऊन, पहिली सून कशाने गेली, असं हळहळत विचारलं होतं. आईने ते घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तिसरं स्थळ काष्टीचं आलं. पौष संपला की पहिल्या गुरुवारी जायचं ठरलं, आणि या खेपेला काळ्या डोक्यानेच जायचं, हे मी कुणाला न सांगता ठरवलं.

तालुक्याच्या गावी एक नवं सलून निघालं होतं. समोरासमोर आरसे, फिरती खुर्ची, भिंतीवर हिरोंची चित्रं. सलूनवाला आपण मुंबईला शिकून आलोय असं सांगायचा. त्याने काचेच्या वाटीत काळी पूड कालवली आणि दात घासायच्या ब्रशने माझ्या डोक्याला कलप थापला. थोड्या वेळाने डोकं चुरचुरायला लागलं. मी तसं म्हणालो, तर तो म्हणाला, चुरचुरतंय म्हणजे लागू पडतंय. मग त्याने दोन गिऱ्हाइकांच्या दाढ्या केल्या, चहा मागवला, चहावाल्याशी गप्पा मारल्या. मी शिकलासवरलेला माणूस, पण त्या खुर्चीत गळ्याला फडकं बांधून मुकाट बसून राहिलो. पुढच्या सगळ्या प्रकाराला मी त्या सलूनवाल्याइतकाच जबाबदार आहे, हे आता म्हणतो. तेव्हा म्हणत नव्हतो.

डोकं धुतल्यावर आरशात पाहिलं. केस काळे नव्हते, जांभळे होते. पिकलेलं जांभूळ बोटांनी चोळल्यावर बोटं होतात तसे. कपाळावर दोन बोटं रुंद पट्टा, कानांच्या पाळ्या काळ्या. दोन दिवसांनी रंग बसेल, असं सलूनवाल्याने सांगितलं. घरी आल्यावर मी विहिरीवर जाऊन कपड्याच्या सोड्याने डोकं खसाखसा घासलं. त्याने जांभळं गेलं आणि ठिकठिकाणी तांबडं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

सकाळी उठलो तर डोळे उघडेनात. पापण्या सुजून गच्च झाल्या होत्या आणि डोक्यावर फोड उठले होते. काष्टीला जायचा गुरुवार आला आणि गेला. मध्यस्थाने तिकडे काय सांगितलं कोण जाणे, ते स्थळ पुन्हा आलं नाही. मला त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही, कारण तोवर फोड फुटून त्यांच्या खपल्या झाल्या होत्या, खपल्यांत केस अडकले होते आणि खाली पू धरला होता. शाळेत आठवडाभराची रजा टाकली. घराबाहेर पडायचं तर पांढरी टोपी घालायचो. ती चिकटायची आणि काढताना कोमट पाण्याने भिजवावी लागायची. आमची वस्ती देवळालीपासून दोन मैलांवर, चहूबाजूंनी ऊस, त्यात तोड चाललेली. तोडणारी माणसं पाणी प्यायला ओसरीवर आली की मी आत जाऊन कणगीमागे बसायचो. एवढं मोठं शिवार, पण मला उभं राहायला जागा नव्हती.

देवळालीच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, की कडुनिंबाच्या पाण्याने खपल्या मऊ करा, डोकं वस्तऱ्याने साफ करा आणि मग हे मलम लावा. केसांवरून मलम लावून काही उपयोग नाही. मला हायसं वाटलं. ते रंगीबेरंगी केसही जातील आणि आगही थांबेल. घरी येऊन जेवायला बसताना मी आईला तसं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

“तुजा बाप जिता हाय,” ती म्हणाली, “अन् तू डोकं काढतो? माज्या कुकवावर उठलास व्हय?”

आमच्याकडे डोकं एकदाच उतरतं, वडिलांच्या दहाव्याला. डोकं आणि मिशी दोन्ही. ते मलाही ठाऊक होतं, पण मी ती नुसती रीत धरून होतो. आईच्या लेखी ती रीत नव्हती. तिच्या लेखी मुलाने आधी डोकं काढलं, तर मागून यायचं ते मरण वाट चुकत नाही. आणि आई काही देवभोळी नव्हती. मांजर आडवं गेलं तर त्यालाच हाकलून पुढे जाणारी बाई. म्हणूनच माझा तोल गेला. मी तिला डॉक्टरांचं सांगितलं, औषधाचं सांगितलं, वर विचारलं, की तिरुपतीला एवढी माणसं डोकं काढून येतात, त्यांचे काय सगळ्यांचे बाप मरतात?

“ती देवाला देत्यात,” आई म्हणाली. “तू कोनाला देनार?”

मी तिला अडाणी म्हणालो आणि ताटावरून उठलो.

आमच्या वस्तीवर केस कापायला गावातले एक म्हातारे कारागीर यायचे. धान्याच्या बलुत्यावर तीन पिढ्यांचा संबंध. ते आले तेव्हा मी त्यांना बाजूला घेऊन विनवलं. त्यांनी मशीन चालवून पाहिलं, पण मशीनचे दात खपल्यांत अडकून मी किंचाळलो. कात्रीने जमेल तेवढं कापलं, तर कातरलेल्या मेंढराची कळा आली आणि रंगाचे ठिपके आणखी उघडे पडले. वस्तऱ्याचं नाव काढल्यावर मात्र त्यांनी धोपटी गुंडाळायला घेतली. “मास्तर, तुमच्या आज्ज्याच्या दहाव्याला दादांचं डोकं म्याच काढलं,” ते म्हणाले. “त्याच हातानं तुमचं आत्ताच काढू? न्हाई जमायचं.”

रजा वाढवली. रात्री कूस बदलता येत नव्हती, दिवसा वाचता येत नव्हतं. माझ्या डोक्यावरचे केस माझे नव्हते, आईचे होते, कारागिराचे होते, सगळ्या गावाचे होते. फक्त त्यांची आग माझी होती. मला सगळ्यांचाच संताप आला होता, दादांचाही. ते मधे पडत नव्हते. ओसरीवर बसून खोकत होते आणि थंडीने त्यांचा दमा वाढला होता. आणि प्रत्येक ढासेला आई आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्या डोक्याकडे बघत होती.

शेवटी एके दिवशी मी सायकल काढली आणि त्याच सलूनवाल्याकडे गेलो. त्याने मला ओळखलं. टोपी भिजवून काढल्यावर आपल्या हातचं काम पाहून त्याचा चेहरा पडला. मी म्हणालो, काही बोलू नकोस, वस्तऱ्याने सगळं काढ. त्याने डोक्यावर पाणी मारलं, वस्तरा चामड्यावर फिरवला आणि मग काहीतरी आठवून थांबला. आवाज खाली आणून त्याने विचारलं, “वडील गेले का?”

मला फक्त मान हलवायची होती. तोंडाने बोलायचीही गरज नव्हती. एकदा वस्तरा फिरला असता की आईने घरी कितीही आकांत केला असता तरी गेलेले केस परत आले नसते. समोरच्या आरशात मी दिसत होतो, मागच्या आरशात माझी मान दिसत होती, आणि ती मान काही केल्या हलेना. मला त्या सलूनवाल्याचा राग आला, आईचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला, कारण मी बी.एस्सी. झालेला माणूस होतो आणि मला भीती वाटत होती. “आहेत,” मी म्हणालो. त्याने वस्तरा मिटला. मी ओल्या डोक्यावर टोपी ओढली आणि घरी आलो.

दादा गोठ्यापाशी बसले होते. मी त्यांच्यावरच भडकलो. सलूनमध्ये काय झालं ते सगळं सांगितलं आणि म्हणालो, नुसती मान हलवली असती तरी सुटलो असतो.

“मग हलवायची की,” ते म्हणाले. “म्या काय तेवढ्यानं मरतोय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच कारागिरांना बोलावून आणलं. अंगणात पोतं अंथरलं, मला बसवलं आणि माझ्यासमोर स्वतः बसले. कारागीर वस्तरा हातात घेईनात. तेव्हा दादांनी आपला हात त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, “हात लावून बग. गरम हाय का न्हाई? म्या सांगतोय ना, काढ. मिशी तेवढी ठेव.”

आई आत होती. ती अडवायला येईल असं मला वाटलं होतं. ती आली, पण हातात कडुनिंबाचा पाला घातलेल्या कोमट पाण्याचं पातेलं होतं. ते तिने पोत्याशेजारी ठेवलं आणि कुणाकडे न बघता परत गेली. कारागिरांनी आधी दादांच्या पायाला हात लावला आणि मग कामाला लागले. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. डोक्याला वारा लागला तेव्हा मला रडू आलं, आणि दादा म्हणाले, गोटा झकास दिसतोय.

त्यानंतरचे दोन दिवस गमतीचे गेले, निदान आम्हा दोघांचे. माझं डोकं कुणीतरी पाहिलं आणि बातमी गेली. दादांची एक मामेबहीण शेजारच्या गावाहून सुनेला घेऊन आली आणि अंगणाच्या तोंडापासूनच तिने रडायचा सूर लावला. दादा आतून बाहेर आले आणि तिला म्हणाले, बस, चहा टाकायला सांगतो. ती बाई त्यांना शिव्या घालत, डोळे पुसत हसली. सगळे हसले. आई चहा देऊन आत गेली.

मलमाने गुण आला. मी गोटा घेऊन शाळेत गेलो, पोरांनी नवं नाव ठेवलं, पण टोपी सुटली आणि मी माणसात आलो. माझ्या मते प्रकरण मिटलं होतं. दादा पुढे सोळा वर्षं जगले आणि माझं लग्नही दोन वर्षांनी झालं, पांढऱ्या डोक्यानेच. पण तेव्हा पुढचं कुणाला दिसत होतं?

आई रोज सकाळी माझ्या डोक्यावरून तळवा फिरवायची. मी तो लाड समजायचो, आणि रागावलेली आई निवळली म्हणून मला बरंही वाटायचं. तिचा चेहरा उतरला होता, चोळी ढिली झाली होती, पण तोडीचे दिवस, कामाचा रगाडा, असं मी धरून चाललो. महिना उलटल्यावर एके रविवारी शेताकडे निघताना दादाच मला म्हणाले, की तुझ्या आईनं दुपारचं जेवण सोडलंय, तुझं डोकं काढलं त्या दिवसापासून. त्यांनी बोलून पाहिलं होतं, पण तिने ऐकलं नव्हतं. तुझ्या केसांत कंगवा ठरेल तेव्हा ती दोन्ही वेळ जेवणार होती.

मी तावातावाने आत गेलो. ती दादांची भाकरी बांधत होती. हा काय वेडेपणा आहे, असं मी म्हणालो. दादा धडधाकट आहेत, माझं डोकं बरं झालंय, मग तू कुणासाठी मरते आहेस? माझे तिकडे एवढे हाल चालले होते तेव्हा तूच अडवलंस आणि आता हे उपास. तिने फडक्याला गाठ मारली.

“तुजं डोकं तरी समद्यांना दिसत हुतं, बाबा,” ती म्हणाली.

मी खाली बसलो. तिने माझ्या डोक्यावर तळवा ठेवला, पुढून मागे नेला, मागून पुढे आणला. खुंट टोचण्याइतके वाढले होते, बरेचसे पांढरे. “अजून पंदरा दिस,” ती म्हणाली, आणि भाकरी घेऊन शेताकडे निघाली. फडक्यात एकट्या दादांचीच भाकरी होती.